कायदा दिल्लीचा, खर्च मुंबईचा, पेशी वऱ्हाडातली

जून २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी काँक्रीटचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला. गिनेस बुकात नोंद झाली, दिल्लीहून घोषणा झाली, राबलेल्या कामगारांचे कौतुक झाले. ते रास्तच होते. या रस्त्यावर वर्षानुवर्षे कंबर मोडून घेतलेल्या वऱ्हाडी माणसाला तर जरा जास्तच. पण महामार्गांखाली ज्यांची वावरे जातात त्यांच्या वाढीव मोबदल्याची प्रकरणे तासांत मोजता येत नाहीत. ती सरकारांत मोजावी लागतात.

मोजून पाहू. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा, नेहरूंच्या काळातला. जमीन मात्र १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जाई, आणि त्या कायद्यात १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने ३० टक्के दिलासा रक्कम आणि चढे व्याज घातले होते. जानेवारी १९९७ मध्ये देवेगौडांच्या सरकारने वटहुकूम काढून महामार्गांसाठी वेगळी, झटपट पद्धत आणली. दिलासा रक्कम गेली. मोबदल्यावर वाद झालाच तर तो दिवाणी न्यायालयात न जाता केंद्र सरकारने नेमलेल्या लवादापुढे जाईल असे ठरले, आणि लवाद म्हणून बहुधा महसूल खात्यातलेच वरिष्ठ अधिकारी नेमले गेले. जमीन घेणाऱ्यानेच पंच नेमायचा, असा हा प्रकार. देवेगौडांचे सरकार काही महिन्यांत गेले, तरतूद राहिली. वाजपेयींनी रस्त्यांचा मोठा कार्यक्रम तिच्याच जोरावर चालवला, मनमोहन सिंगांनी तो पुढे नेला. त्यांच्याच सरकारने २०१३ मध्ये नवा, उदार भूसंपादन कायदा केला आणि महामार्ग कायद्यासह तेरा कायदे त्यातून तात्पुरते वगळून ठेवले. मोदी सरकारने २०१४ च्या शेवटी त्या कायद्यातल्या संमतीच्या अटी सैल करणारा वटहुकूम काढला, पुन्हा पुन्हा काढला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सोडून दिला. पण त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टला, वगळलेल्या तेरा कायद्यांनाही नव्या दराने मोबदला लागू करणारा आदेशही काढला. मधल्या काळात जमीन गेलेल्यांचे काय, हा प्रश्न उरला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात दिलासा रक्कम नाकारणारी १९९७ ची तरतूद घटनाबाह्य ठरवली. हा निकाल फक्त पुढच्या संपादनांना लागू करावा, अशी महामार्ग प्राधिकरणाची विनंती फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. अठ्ठावीस वर्षे आणि पाच पंतप्रधान, विषय एकच: वावराचे पैसे.

आता एकाच जिल्ह्यातले तीन शेतकरी डोळ्यांपुढे आणा. पहिल्याची जमीन ऐंशीच्या दशकात मोर्शीजवळ अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याखाली गेली. त्याला कलम १८ खाली 'रेफरन्स' करून अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात वाढीव मोबदला मागता आला, तिथून नागपूरला अपील करता आले. शेजाऱ्याचा दर वाढला तर न्यायालयात न गेलेल्यालाही तो दर मागण्याची सोय १९८४ च्या दुरुस्तीने दिली होती. दुसऱ्याची जमीन २०१० च्या सुमारास महामार्गात गेली. त्याच्या वाट्याला लवाद आला. तिसऱ्याची गेली ती २००६ ते २०१३ दरम्यान विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांसाठी झालेल्या 'सरळ खरेदी'त. त्याने खरेदीखतावर सही केली आणि दाद मागायची वाटच बंद झाली. हेच शेतकरी पुढे प्रकल्पग्रस्त म्हणून अमरावतीत उपोषणाला बसताना दिसले. जमिनीची प्रत तिघांची सारखी असेलही. दाद कुठे मागायची हे मात्र प्रतीवर ठरले नाही, संपादनाच्या तारखेवर ठरले. सरळ खरेदी हा राज्याचा निर्णय हे खरे, पण न्यायालय टाळून काम उरकण्याची ओढ दोन्हीकडे एकच.

न्यायव्यवस्थेचे धोरण म्हटले की आपल्यापुढे येतात ते न्यायमूर्तींच्या नेमणुकांचे वाद आणि वाहिन्यांवरची भांडणे. वऱ्हाडातून पाहिले तर चित्र निराळे दिसते. सत्तांतर झाले म्हणून धोरण उलटे फिरले असे क्वचितच घडते. नवे सरकार आधीच्याच्या कायद्यावर आपला थर चढवते. कठोर अधिकार हाती आले की ते कोणी परत करत नाही, आणि नव्या कायद्याने न्यायालयावर जे काम पडते त्याचा खर्च कोणी सांगत नाही. पन्नास वर्षांचा आढावा घेतला तर या दोन गोष्टी पक्षनिरपेक्ष निघतात.

दुसऱ्या गोष्टीचे मूळ १९७६ मध्ये आहे. आणीबाणीत झालेली ४२ वी घटनादुरुस्ती आपण आठवतो ती 'समाजवादी, धर्मनिरपेक्ष' या शब्दांसाठी किंवा न्यायालयांचे पंख छाटण्यासाठी. जनता सरकारने ४३ व्या आणि ४४ व्या दुरुस्तीने तिचा बराच भाग मोडून काढला. न्यायदानाशी संबंधित चार गोष्टी मात्र राहिल्या. गरिबांना मोफत विधी साहाय्य देण्याचे कलम ३९अ, न्यायाधिकरणांची कलमे, अखिल भारतीय न्यायिक सेवेची शक्यता, आणि समवर्ती सूचीतली ११अ ही नोंद. ही नोंद कोणाच्या बोलण्यात येत नाही, आणि माझ्या मते चौघांत वजनदार तीच. तोवर न्यायदान आणि कनिष्ठ न्यायालयांची रचना हा राज्यांचा विषय होता. ११अ ने तो केंद्राचाही झाला. दिल्लीला न्यायालये निर्माण करण्याचा अधिकार मिळाला, पगार देण्याची जबाबदारी मुंबईकडेच राहिली.

पुढे काय झाले ते कायद्यांच्या वर्षांवरून दिसते. १९८४ कुटुंब न्यायालये, १९८६ ग्राहक मंच, १९८८ चेक न वटण्याचा गुन्हा, १९८९ अत्याचार प्रतिबंधक कायदा, २००५ कौटुंबिक हिंसाचार, २००८ ग्राम न्यायालये, २०१२ पॉक्सो, २०१५ वाणिज्य न्यायालये. यातल्या बऱ्याच कायद्यांत 'विशेष न्यायालय' असा शब्द आहे. अचलपूर किंवा अकोटसारख्या ठिकाणी त्याचा अर्थ असा, की असलेल्याच अतिरिक्त सत्र न्यायाधीशाला आणखी एका कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून घोषित करायचे. दारावर पाटी वाढते. लघुलेखक तोच, पट्टेवाला तोच, सकाळी अकराचा बोर्डही तोच.

ग्राम न्यायालयांचा कायदा याचा नमुना म्हणून वाचावा. २ ऑक्टोबर २००९ ला, गांधी जयंतीच्या मुहूर्तावर तो अमलात आला. कल्पना चांगलीच होती: न्यायाधीशाने गावोगाव फिरून छोटे खटले जागेवर निकाली काढावेत. केंद्राने मदत किती ठरवली? इमारत, वाहन आणि साहित्यासाठी एकदाच १८ लाख, आणि चालू खर्चापोटी पहिली तीन वर्षे वर्षाला जास्तीत जास्त ३ लाख २० हजार. चौथ्या वर्षी काय करायचे ते राज्याने पाहावे. देशभर हा कायदा का रखडला याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आणि मेळघाटासारखा, फिरत्या न्यायालयाची सर्वांत जास्त गरज असलेला मुलूख अमरावती जिल्ह्यात आहे.

जलदगती न्यायालयांचीही हीच गत झाली. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून वाजपेयी सरकारने १,७३४ न्यायालयांसाठी ५०२ कोटी ९० लाख दिले. मनमोहन सिंग सरकारने मुदत वाढवली आणि ३१ मार्च २०११ ला पैसे थांबवले. न्यायालये हवी असतील तर राज्यांनी चालवावीत असे ठरले. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर पुन्हा जलदगतीची मागणी उठली. २०१९ मध्ये मोदी सरकारने बलात्कार आणि पॉक्सोच्या खटल्यांसाठी जलदगती विशेष न्यायालयांची नवी योजना आणली, पुन्हा मुदतीची, पुन्हा केंद्र-राज्य वाटणीची. नियमित न्यायाधीशांची पदे कायमची वाढवण्याऐवजी तात्पुरती न्यायालये उघडायची आणि मुदत संपली की मुदतवाढीची वाट पाहायची, ही रीत दोन्ही आघाड्यांची. विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितले होते की दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश आहेत, पाच वर्षांत पन्नास करा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००२ मध्ये तोच आकडा आदेश म्हणून दिला. आज मंजूर पदे धरूनही तो एकवीसच्या आसपास आहे.

इमारतींबाबत मात्र केंद्राचे माप जरा बरे म्हणायला हवे. नरसिंह रावांच्या काळात १९९३-९४ पासून न्यायालयीन इमारती आणि न्यायाधीशांच्या निवासांसाठी केंद्रपुरस्कृत योजना सुरू आहे आणि कोणत्याही सरकारने ती बंद केली नाही. वाटा आधी निम्मा-निम्मा होता, २०११ पासून केंद्राचे ७५ टक्के झाले, २०१५ पासून ६०. इमारतीवर कोनशिला बसते, म्हणून ती सरकारांना परवडते, असे म्हटले तर फार वावगे ठरणार नाही. दर्यापूरच्या दिवाणी व फौजदारी न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२५ मध्ये तेव्हाच्या सरन्यायाधीशांच्या हस्ते झाले. ते इथलेच, दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरच्या गवई घराण्यातले. त्यांच्याकडे पुढे वळतो.

आधी अकोल्याच्या बाजारात जाऊ. सरकी, कापूस, तूर, डाळमिल, अडत: इथला व्यवहार उधारीचा आणि पुढच्या तारखेच्या चेकचा. चेक परत आला की वकील म्हणतात, 'एकशेअडतीस टाका.' हे १३८ कलम राजीव गांधींच्या सरकारने १९८८ मध्ये आणले आणि १ एप्रिल १९८९ पासून ते लागू झाले. हेतू हा, की चेकवर लोकांचा विश्वास बसावा. तोवर दिवाणी असलेला उधारीचा वाद त्या दिवशी फौजदारी झाला, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या टेबलावर आला. वाजपेयी सरकारने २००२ मध्ये शिक्षा एक वर्षाची दोन वर्षे केली आणि संक्षिप्त सुनावणीची तरतूद केली. कागदावर सहा महिन्यांत निकाल.

मग २०१४ आले. ऑगस्टमध्ये दशरथ राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ज्या बँकेवर चेक काढला त्या बँकेच्या गावी खटला चालेल. अकोल्याच्या व्यापाऱ्याला जालन्याच्या खरेदीदाराने चेक दिला असेल, तर तक्रार जालन्याला. सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्या तक्रारी नव्याने दाखल करण्यासाठी परत दिल्या गेल्या. बस्ता बांधून फाईल जालन्याला पोचते न पोचते, तोच जून २०१५ मध्ये मोदी सरकारने वटहुकूम काढला: ज्याला पैसे यायचे त्याच्या खात्याच्या शाखेच्या गावी खटला चालेल. फाईल परत अकोल्याला. दोन्ही नियमांमागे विचार होता, पण मधले वर्ष फायलींच्या प्रवासात गेले आणि वकिलाची फी दोनदा लागली. २०१८ मध्ये याच सरकारने चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याची सोय केली. करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, अर्थ मंत्रालयाने हा गुन्हाच फौजदारीतून काढावा का अशी विचारणा केली. व्यापारी संघटना खवळल्या आणि विषय गुंडाळला गेला.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा स्वतःहून आढावा घेतला तेव्हाचे आकडे असे: २०१९ अखेर देशात २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले प्रलंबित, त्यांत ३५ लाख १६ हजार नुसते चेकचे. ज्या प्रकरणावरून हा विषय निघाला ते १ लाख ७० हजार रुपयांच्या दोन चेकचे होते आणि २००५ पासून चालू होते. एका सरकारने कलम घातले, पुढच्यांनी ते घट्ट केले. ते चालवायला किती न्यायदंडाधिकारी लागतील, हा प्रश्न १९८८ मध्ये संसदेत आला असता तर? २००८ मध्ये न्या. जगन्नाध राव समितीने नेमके हेच सुचवले होते: प्रत्येक विधेयकासोबत त्याने न्यायालयांवर किती काम पडेल आणि ते कोण सोसणार याचा हिशोब जोडावा. समिती सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेली, अहवाल मनमोहन सिंग सरकारच्या काळातला. तो त्या सरकारनेही बाजूला ठेवला आणि पुढच्यानेही.

कठोर अधिकारांची गोष्ट वेगळ्या चालीची. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा १९५० मध्येच झाला. तो १९६९ च्या अखेरीस संपला, १९७१ मध्ये मिसा आला. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्यांची दाद ऐकता येईल असे देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले, त्यात नागपूर खंडपीठही होते. वऱ्हाडातल्या बंदिवानांचे उच्च न्यायालय तेच. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात ही सगळी दारे बंद केली. जनता सरकारने मिसा रद्द केला आणि जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी घटनादुरुस्ती केली. इंदिराजी परत आल्या आणि १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. तो आजही आहे. मिसाखाली तुरुंगात बसलेले नेते पुढे पंतप्रधान आणि उपपंतप्रधान झाले, तरी तो आहे. महाराष्ट्रात मिसाबंदींना मानधन देण्यावरून २०१८ पासून प्रत्येक सरकारने निर्णय फिरवला: सुरू, बंद, पुन्हा सुरू. स्थानबद्धतेचा कायदा मात्र कोणी हलवला नाही. याहून बोलका पुरावा ४४ व्या घटनादुरुस्तीतच आहे. तिच्या तिसऱ्या कलमाने सल्लागार मंडळाच्या मंजुरीविना कोणाला डांबून ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर येणार होती. हे कलम अमलात आणायला केंद्राची एक अधिसूचना पुरे. १९७९ पासून एकाही सरकारने ती काढलेली नाही: ना इंदिरा गांधींच्या, ना व्ही. पी. सिंगांच्या, ना वाजपेयींच्या, ना मनमोहन सिंगांच्या, ना मोदींच्या.

दहशतवादविरोधी कायद्यांत बदल झाल्याचा भास जास्त होतो, कारण नावे बदलली. राजीव गांधींचा टाडा १९९५ मध्ये नरसिंह रावांनी संपू दिला. वाजपेयींचा पोटा २००२ चा. मनमोहन सिंगांनी तो २००४ मध्ये रद्द केला आणि त्यातला बराच मजकूर त्याच वर्षी १९६७ च्या यूएपीएत उतरवला. मुंबई हल्ल्यानंतर २००८ मध्ये यूएपीए आणखी कडक झाला आणि राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. मोदी सरकारने २०१९ मध्ये दोन्हींची धार वाढवली. याचा अनुभव अमरावतीने घेतला. २१ जून २०२२ च्या रात्री शहरातल्या एका औषध व्यावसायिकाचा खून झाला. तपास आधी शहर पोलिसांकडे होता. २ जुलैला केंद्रीय गृहमंत्रालयाने तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे दिला आणि खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात गेला. असा खटला अमरावतीच्या सत्र न्यायालयात चालावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, साक्षीदारांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. पण गुन्हा घडला ते शहर आणि न्याय होणार ते शहर यांच्यात साडेसहाशेवर किलोमीटर अंतर पडले. ते ज्या कायद्याने पडले तो काँग्रेसच्या गृहमंत्र्याने मांडलेला आणि भाजपच्या गृहमंत्र्याने वापरलेला.

शांतताभंगाच्या 'चॅप्टर केस'चे एक उदाहरण इथेच सांगून टाकतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्याय आणि कार्यपालिका वेगळे केले, पण शांतता राखण्याचे हमीपत्र घेण्याचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे ठेवला. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून तिथे ज्या खात्याने पकडले त्याच खात्यातल्या वरिष्ठापुढे माणूस उभा राहतो. अकोल्यात आयुक्तालय नाही, तिथे हे काम महसूल अधिकाऱ्याचे. २०२३ च्या नव्या संहितेने जुन्या १०७ चे १२६ केले, ११० चे १२९ केले. व्यवस्था जागच्या जागी.

आता न्यायमूर्तींच्या नेमणुका. १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्ती डावलले, १९७७ मध्ये न्या. खन्नांना डावलले. १९९३ मध्ये न्यायालयाने नेमणुकीचा अधिकार स्वतःकडे घेतला. नेमणूक आयोगाची विधेयके १९९० मध्ये व्ही. पी. सिंगांनी आणली, २००३ मध्ये वाजपेयींनी, २०१३ मध्ये मनमोहन सिंगांनी. २०१४ मध्ये मोदींची मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ती घटनाबाह्य ठरली. इथेही पक्षभेद शोधून सापडत नाही.

भूषण गवई याच पद्धतीतून वर गेले: अमरावतीत जन्म, नागपूर खंडपीठात वकिली, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालय, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि १४ मे ते २३ नोव्हेंबर २०२५ सरन्यायाधीश. वऱ्हाडाला त्यांचा अभिमान वाटला तो पहिल्या बौद्ध सरन्यायाधीशाचा आणि रा. सू. गवईंच्या मुलाचा. निवृत्तीच्या चार दिवस आधी, १९ नोव्हेंबरला, त्यांच्या खंडपीठाने न्यायाधिकरण सुधारणा कायदा, २०२१ मधल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. न्यायालयाने आधी रद्द केलेल्या तरतुदीच सरकारने थोड्या फरकाने पुन्हा कायद्यात घातल्या, असा त्यातला ठपका होता. न्यायाधिकरणांची घटनेतली कलमे १९७६ च्या त्याच ४२ व्या दुरुस्तीतली. सदस्य कोण नेमणार आणि किती वर्षांसाठी, हा वाद कित्येक दशके चालू आहे, आणि त्यात प्रत्येक सरकारची बाजू एकच राहिली आहे.

वऱ्हाडाला दिल्लीच्या धोरणाची सवय तशी जुनी. निजामाचा हा मुलूख कागदोपत्री ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हताच, म्हणून तिकडचे कायदे इथे वेगळ्या हुकमाने 'लागू' करावे लागत. १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते जबलपूरला गेले आणि नागपूरला मुंबईचे खंडपीठ उरले. १९५३ च्या नागपूर करारातली ती एक अट होती. अकोल्याच्या पक्षकाराला अपिलासाठी आजही अडीचशे किलोमीटर जावे लागते. औरंगाबादला १९८१ मध्ये आणि कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायपीठ मिळाले ते १९५६ च्याच कायद्यातल्या एका पोटकलमाने, नवा कायदा न करता.

१ जुलै २०२४ पासून तीन नव्या संहिता आल्या. त्यांना वसाहतीचा शेवट म्हणणारे आणि हुकूमशाहीची सुरुवात म्हणणारे दोघेही मला अतिशयोक्ती करताना दिसतात. बरीचशी कलमे जुनीच, क्रमांक नवे. पण काही गोष्टी खरोखर नव्या आहेत. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक आहे, फक्त ते केव्हापासून हे ठरवायला राज्यांना पाच वर्षांची मुभा आहे. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे ही या भागाची जमेची बाजू, पण तिच्यातल्या वैज्ञानिकांचा पगार पुन्हा मुंबईचाच. पहिल्यांदाच आरोपी झालेला कच्चा कैदी शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडावे, ही ४७९ कलमाची तरतूद मनमोहन सिंगांच्या काळातल्या ४३६अ चा थेट विस्तार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या प्रकरणांनाही लागू केली. अमरावती मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्याला ती कळवायची कोणी, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने. त्या प्राधिकरणाचा कायदा १९८७ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने केला आणि तो अमलात यायला नोव्हेंबर १९९५ उजाडला, चौथ्या पंतप्रधानापर्यंत.

साक्षी दूरदृश्य प्रणालीने घेण्याची मुभाही नव्या संहितेने सढळ केली. ई-कोर्टच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी मंजूर झाले, आणि हे पैसे केंद्राचे. धारणीच्या पलीकडच्या गावातल्या साक्षीदाराला घाट उतरून अचलपूरला येण्याचा दिवसभराचा प्रवास त्यामुळे वाचू शकतो. तो साक्षीदार किंवा आरोपी कोरकू असेल, तर मात्र पडद्यामुळे काही सोपे होत नाही. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत सांगावी, असे १८९८ च्या संहितेत होते, १९७३ च्या संहितेत होते आणि २०२३ च्या संहितेतही आहे. कोरकू दुभाषी कोणी नेमायचा आणि त्याचा भत्ता कोणी द्यायचा, हे तिन्ही संहितांत लिहिलेले नाही.